शिशाची गोळी आणि पितळी नळकांडें

अंधेरी-मुलुंडकडील एखाद्या घरीं आजोबांच्या परवान्याची रुंद नळीची रायफल असते, आणि तिचीं काडतुसें पुन्हां भरतां येतील काय, अशी नातवास जिज्ञासा वाटते. कायद्याचें उत्तर प्रथम देतों: १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस बनविणें हा गुन्हा आहे. त्यामागील यंत्रविद्या समजून घेण्यास मात्र आडकाठी नाहीं.

पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला १८६९ सालीं. दोन वर्षांनीं इंग्रज फौजेनें मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिची गोळी शिसें व कथील यांची, वजन ४८० ग्रेन, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम. अशी ओतीव गोळी मऊ असते. तांब्याचें कवच असलेल्या गोळीसाठीं बेतलेली डाय नळकांड्याचें तोंड फार आवळते. मग तें तोंड शिसें खरवडतें, गोळीस बारीक करतें. नळींत फट राहून तप्त वायु पुढें निसटतो, शिसें नळीस माखतें आणि नेम चुकतो.

म्हणून तोंड रुंदावणारी डाय गोळीच्या मापानें निवडतात. तिचा खिळा दोन पायऱ्यांचा बरा: खालची पायरी गोळीहून किंचित् बारीक, वरची किंचित् जाड, त्यामुळें गोळी सरळ बसते. डब्यावरील आंकड्यावर भिस्त ठेवणें म्हणजे माप न घेतां अंगरखा बेतणें! एकाच नांवाच्या जुन्या रायफलींच्या नळ्यांतहि फरक असतो. नळींतून मऊ शिशाचा तुकडा दाबून काढून तो मोजतात, आणि गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच जाड ठेवतात. शेवटची डाय उघडलेलें तोंड पुन्हां मिटविते. तें तसेंच राहिल्यास काडतूस रायफलीच्या कोठींत नीट शिरत नाहीं.