फोटो काढला, पण का?

पंचगंगेचं पाणी चढू लागलं की कोल्हापूरकराची नजर राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर खिळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी काका २०१९च्या महापुराचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून टाकतात. ॲडमिन तो काढून टाकतो. ही सोय २०२२ पासून आहे. फोटोच्या जागी उरते ती अमुक ॲडमिनने मेसेज डिलीट केल्याची ओळ. कुणी काढला ते कळतं, का काढला ते कळत नाही. बिनसतं ते इथंच. साठी ओलांडलेल्या माणसाला चारचौघांत गप्प बसवल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत काका ग्रुप सोडून जातात.

आमच्या गल्लीतला ॲडमिन आधी फोन लावतो. “काका, फोटो २०१९चा हाय. शुक्रवार पेठेतली लोकं घाबरून सामान बांधाय लागलीत, म्हणून काढतोय. आजचा आकडा तुम्हीच टाका की.” मग ग्रुपवर एवढंच लिहितो : जुना फोटो होता, काढलाय. काकांचं नाव नाही.

रेडिटवरच्या काढून टाकलेल्या पोस्टींचा एक अभ्यास २०१९ मध्ये झाला. ज्यांना कारण सांगितलं गेलं, त्यांच्या पोस्ट पुढं काढाव्या लागण्याची शक्यता कमी झालेली दिसली. आपल्याकडं २०२१च्या आयटी नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर बंधन घातलं : आपणहून मजकूर काढायचा तर आधी कारण कळवा, म्हणणं मांडू द्या. गल्लीच्या ॲडमिनला हा नियम लागू नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की, सामायिक हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण तो पुढं करून ‘मग मी कशाला वाईटपणा घेऊ’ म्हणणारे ॲडमिन मला पटत नाहीत. आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ जून २०२३ला याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं.

तसला भडक मजकूर आला की आमचा ॲडमिन फोनसाठी थांबत नाही. आधी काढतो. कारण तेव्हाही सांगतो, फक्त ग्रुपवर नाही; तो टाकणाऱ्या पोराच्या घरी जाऊन, उंबऱ्यावर बसून.