काट्यावरचा सरडा

भुईगावच्या वाटेवर एका बाभळीच्या काट्यात मानेपाशी खोचलेला सरडा दिसला. तो डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून आठ दिवसांनी पहाटेच त्या बाभळीपाशी पुन्हा गेलो. सोबत वाडीवाले काका, गळ्यात जुनी दुर्बीण.

"खाटीक पक्ष्याचं काम आहे हे," काका म्हणाले. "इथे त्याच्या दोन जाती भेटतात. थोरला पंचवीस सेंटीमीटर, धाकटा अठरा. सात सेंटीमीटरचा फरक ध्यानात ठेवा."

थोरला, म्हणजे लांब शेपटीचा खाटीक, विजेच्या तारेवर बसला होता. डोकं राखाडी, डोळ्यांवरून काळी पट्टी, कमरेवर तांबूस रंग. मधेच टिटवी ओरडली आणि मी वर पाहिलं. टिटवी कुठेच नव्हती, तोच नक्कल करत होता. धाकटा सापडला उन्हं चढल्यावर, पलीकडच्या कोरड्या माळावर. पाठ गडद तांबडी, काळी पट्टी थेट कपाळावर चढलेली. उडाला तेव्हा काळ्या पंखावरचा पांढरा डाग लख्ख दिसला. तो डाग एकदा पाहिला की सात सेंटीमीटर मोजायची गरज उरत नाही.

मन मात्र पुन्हा थोरल्याकडेच गेलं. त्याने गवतातून एक पालीएवढा सरडा उचलला आणि बाभळीवर आणला. काट्यावर दाबला, तो निसटला. पुन्हा धरला, अंग मागे टाकून खाली ओढला. तिसऱ्या खेपेला काटा आरपार गेला. मग चोचीने लचके तोडणं सुरू झालं.

चोच शिकाऱ्याची, टोकाला आकडा आणि बाजूला दातासारखी खाच. पाय मात्र चिमणीच्या जातीचे, बारीक. घार पंजात भक्ष्य दाबून फाडते, तेवढं बळ या पायांत नाही. म्हणून काटा. उरलेलं मांस तिथेच टांगून ठेवलं की पुढच्या वेळची सोय होते.

लिनियसने 1758 साली या पक्ष्यांच्या वंशाला लॅनियस म्हटलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थही खाटीकच. मला या नावातला क्रूरपणा पटत नाही. मी पाहिली ती पंजा नसलेल्या जिवाची मेहनत.

काकांच्या शेजारच्या वाडीला आता सिमेंटची भिंत आली आहे, कुंपणाच्या बाभळी गेल्या. तुम्हीही भिंत घालणार असाल, तर कोपऱ्यातली एक बाभूळ तेवढी राहू द्या.