घट फोडल्यावर

मॉरिशस बेटांत १ फेब्रुवारीस सुटी असते. १८३५ सालीं त्या दिवशीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली, त्याचें तें स्मरण होय. जतसारख्या अवर्षणाच्या मुलखांत बसून आम्हांस त्या बेटाची आठवण कां व्हावी, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर ऊस हें आहे.

ब्रिटिश पार्लमेंटानें १८३३ सालीं कायदा करून मोबदल्यादाखल दोन कोटि पौंड मंजूर केले, पण ते मालकांस! गुलामांच्या हातीं कवडीहि पडली नाहीं. उलट ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं त्यांस जुन्याच धन्याकडे राबावें लागलें. मॉरिशसमध्यें तें बंधन १८३९ सालीं सुटलें. मळेवाल्यांनीं तोंवर दुसरी तजवीज केलीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ जहाजानें हिंदुस्थानांतील करारबद्ध मजूर तेथें पोंचविले. पुढें सुमारें साडेचार लाख माणसें गेलीं. त्यांत आपलीं मराठी माणसेंहि होतीं. तेथें २ नोव्हेंबरचीहि सुटी असते.

आपल्याकडे १८४३ च्या ५ व्या कायद्यानें गुलामावरील हक्क न्यायालयांत अग्राह्य ठरला. पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री होई व ब्राह्मणांच्या घरींहि त्या राबत. परंतु आमच्या दिनदर्शिकेंत त्यांच्या सुटकेचा दिवस नाहीं.

नारदस्मृतींत दासांचे १५ प्रकार सांगितले आहेत; मोठ्या ऋणांतून सोडवून आणलेला हा त्यांतीलच एक. मुक्तीचा विधिहि तेथें आहे. धन्यानें दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घट घेऊन फोडावा, मस्तकावर अक्षता व फुलें यांसह जल शिंपडावें आणि ‘अदास’ असें त्रिवार म्हणावें. आम्हीं तो भाग अनेकदां वाचला. घट फुटल्यावर त्या माणसानें खावें काय, हा प्रश्न मात्र उतारवयांत सुचला.

जत तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्यावर मुकादमाकडून उचल घ्यावयाची. ही गुलामगिरी नव्हे, हें खरें. परंतु उचल फिटली नाहीं तर पुढल्या हंगामासहि बांधून जावें लागतें. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालींच झाला आहे.

आमच्या वर्गांत त्या दिवसांत कांहीं बांक रिकामे होत. आम्ही ‘गैरहजर’ अशी नोंद करून धडा पुढें चालवीत असूं. मूल कोठें गेलें, हें आम्हीं विचारलें नाहीं. वाचकांपैकीं कोणी शिक्षक असतील, तर त्यांनीं तेवढें अवश्य विचारावें.