लिव्हर लहान, जोखीम मोठी

पलटी नांगर पलटविणे असो वा ट्रॉली उचलणे, छोट्या ट्रॅक्टरवर ही कामे बाह्य हायड्रॉलिकच्या लिव्हरने होतात. लिव्हर मध्यावर असताना तेल सिलिंडरमध्ये कोंडले जाते व अवजार थांबते. पुढे-मागे करताच तेल सिलिंडरच्या एका वा दुसऱ्या बाजूस वळते. काही ट्रॅक्टरवर ‘फ्लोट’ ही चौथी स्थिती असते. तीत दोन्ही मार्ग टाकीशी जोडले जातात व अवजार जमिनीच्या चढउताराप्रमाणे हलते. मात्र ओझे उचललेले असताना लिव्हर चुकून तेथे गेल्यास ते कोसळू शकते. म्हणूनच या स्थितींच्या खुणा लिव्हरजवळ आणि माहितीपुस्तिकेत सुस्पष्ट हव्यात. होज पाइप सोडविण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लिव्हर हलवून उरलेला दाब उतरवावा.