जेवत नाही म्हणजे नखरे नव्हेत

वयात आलेली मुलगी ताटावरून उठते. 'मैत्रिणीकडे खाल्लं', 'पोट दुखतंय' अशी रोज नवी सबब. आपण म्हणतो, नखरे आहेत, भूक लागली की येईल मुकाट्याने. शेजारीण सांगते, बाहेरचं असेल, उतारा टाका. उताऱ्याने काही होत नाही, रागावूनही नाही. हा मनाचा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली हे नाव दिले.

नावाचा अर्थ भूक नसणे, पण नाव फसवे आहे. भूक मेलेली नसते, वजन वाढेल या धास्तीने दाबलेली असते. हाडे वर आली तरी मुलीला आपण जाडच वाटतो. ती घरच्यांना हौसेने रांधून वाढते, स्वतः चतकोर भाकरीचे तुकडे चिवडत बसते. हात गार पडतात, पाळी थांबते. मुलग्यांनाही हा आजार होतो.

आमच्याकडे पोटाची मारामार, इथे हा श्रीमंती रोग कुठला, असे कुणी म्हणेल. तो गरिबाघरीही होतो. फक्त तिथे काटकुळ्या पोरीकडे कुणाचे लक्ष जात नाही. (घरची बाई सगळ्यांमागून उरलेसुरले खाते, तो मात्र आजार नव्हे, अन्याय आहे.) आणि पैशाने तो टळतो असेही नाही. अमेरिकेची जगप्रसिद्ध गायिका कॅरन कार्पेंटर हिला कशाची कमी होती? ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, या आजाराने खिळखिळे झालेले तिचे हृदय बंद पडले.

'आधी मन ठिकाणावर येऊ दे, मग खाईल' असे आपल्याला वाटते. आम्हाला हे उलटे वाटते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते उदास, चिडचिडे, एकलकोंडे झाले. डोक्यात सतत अन्नच. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. म्हणजे उपासमारच मन बिघडवते, आणि बिघडलेले मन पुन्हा उपाशी ठेवते.

म्हणून पोटात अन्न जाणे हाच पहिला उपचार. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८० च्या दशकात यात आईवडिलांनाच हाताशी धरले. दोष मुलीचा नाही, आईचाही नाही. पण जेवणाची सूत्रे काही काळ आईवडिलांच्या हाती. शेजारी बसायचे, चिडायचे नाही, टोमणा मारायचा नाही, ताट संपेपर्यंत उठायचे नाही. हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे, कारण फार खंगलेल्या शरीरावर एकदम भरपेट अन्नाचा मारा जिवावर बेतू शकतो.

आधी रक्त तपासून घ्या. क्षय, थायरॉईड, मधुमेह यांनीही वजन उतरते. मग मोठ्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. तिथे जाणारा वेडा नसतो. चक्कर येत असेल, नाडी मंद लागत असेल, तर त्याच दिवशी न्या. कुठे जावे कळत नसेल तर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, फोन १४४१६. मराठीतून बोलता येते.