हात उचलायचा तो त्यांनीच

सकाळी ७
घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. पहिलं घर बाळकुम नाक्याजवळ. आजोबांची उजवी बाजू लकव्याने गेली आहे. इजा मात्र मेंदूच्या डाव्या भागात आहे. हालचालीचे हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात. घरचे मायेने हाताला तेल चोळतात, घासही भरवतात. मालिशने बरं वाटतं. पण मेलेल्या पेशींचं काम मेंदूच्या उरलेल्या भागाने शिकायचं, तर हुकूम आजोबांच्याच डोक्यातून निघायला हवा. म्हणून पेला उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. ते दिवस नुसते पडून घालवू नयेत.

९:३०
बाळकुम पाड्यातल्या काकूंना जुना मधुमेह. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. वाढलेली साखर बहुधा लांब मज्जातंतूंना आधी पोखरते. कण्यापासून पावलापर्यंतचा तंतू जवळपास मीटरभर असतो, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून वर चढतो. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा मी तळव्याला टेकवते. काकू डोळे मिटून ‘लागला’ किंवा ‘नाही’ सांगतात. रोज रात्री आरशात तळवे पाहायचे, हे सुनेलाही सांगून ठेवते.

दुपारी १२
भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा तरुण. मनगटाजवळ कापलेला मज्जातंतू सर्जननी जोडला आहे. नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले, तर सहा महिने झालेच. ‘मॅडम, अजून मुंग्याच येतात,’ तो काळजीने म्हणतो. त्या मुंग्या पुढे सरकत असतील, तर तंतू वाढत असल्याची ती खूण आहे, हे ऐकून तो व्यायामाला बसतो.

दुपारी ४
पुन्हा एक लकव्याचं घर. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय झटकन उडतो. हा निरोप मज्जारज्जूतूनच परततो, मेंदूला विचारत नाही. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे लकव्याच्या बाजूचा पाय जास्तच उडतो. घरच्यांना ती ताकद वाटते. ती ताकद नव्हे, हे स्पष्ट सांगावं लागतं.

सायंकाळी ७
शेवटच्या घरी सगळ्यांना बसवून घेते. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, तर ‘झोपून उठल्यावर बरं वाटेल’ म्हणू नका. सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय त्याच क्षणी गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि कशेळीच्या पुलावरची कोंडीही त्याच वेळातून जाते. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लिहून न्या. डॉक्टर आधी तीच विचारतील.