हिरव्या कुरणातील उणीव

वसंत ऋतू आला म्हणजे नेदरलँड्समधील सखल कुरणे कोवळ्या गवताने भरून जातात. हिवाळाभर गोठ्यात राहिलेल्या दुभत्या गाई चरावयास सुटतात आणि दूध वाढू लागते. परंतु याच समृद्धीच्या दिवसांत एखादी धडधाकट गाय अकस्मात बिथरते. तिचे स्नायू थरथरतात, पाय ताठ होतात, ती कोसळते आणि वेळीच उपचार न झाल्यास काही तासांतच प्राणास मुकते. या विकारास 'गवत-आकडी' म्हणता येईल.

अशा गाईंच्या रक्तात मॅग्नेशियम फार कमी असते, हे उट्रेख्ट येथील शास्त्रज्ञ स्योलेमा यांनी १९३० च्या सुमारास दाखवून दिले. मग हिरव्यागार गवतात हे खनिज नसते काय? असते, पण झपाट्याने वाढणाऱ्या कोवळ्या गवतात पोटॅशियम विपुल असते आणि गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातून मॅग्नेशियम रक्तात जाण्यास ते अडथळा आणते. कुरणास पोटॅशयुक्त खत अधिक दिल्यास हा धोका वाढतो. शरीरातील बहुतेक मॅग्नेशियम हाडांत असते खरे, परंतु प्रौढ गाईस ते गरजेच्या वेळी त्वरेने वापरता येत नाही. वीस लिटर दुधाबरोबर सुमारे अडीच ग्रॅम मॅग्नेशियम बाहेर जाते. तिच्या सर्व रक्तद्रवात ते एक ग्रॅमही नसते! म्हणून हा खर्च रोजच्या रोज भरून निघावा लागतो.

यावर उपाय साधा आहे. धोक्याच्या दिवसांत प्रत्येक गाईस रोज सुमारे पन्नास ते साठ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड देतात. गाईंना ती रुचत नाही. म्हणून ती आंबोणात कालवून, वर थोडी मळी घालून देतात. न्यूझीलंडमध्ये गाई वर्षभर कुरणावरच असतात व आंबोण थोडेच मिळते. तेथे ही पूड गवतावर धुरळतात. मात्र जोराच्या पावसाने ती धुऊन जाते. काही ठिकाणी पाण्यात विरघळणारे मॅग्नेशियम क्लोराइड पिण्याच्या पाण्यातून देतात. प्रमाण वाढल्यास गाईस हगवण लागते. खंड पडल्यास काही दिवसांतच संरक्षण संपते.

पोट भरले म्हणजे पोषण झाले, असे नव्हे. गाय गुडघाभर गवतात उभी असतानाही तिच्या रक्तात उणीव असू शकते. आणि ती भरून काढण्यास मूठभर पूड व रोजचा नेम पुरेसा होतो.